चार नंबरच्या डब्यातली जागा

चार नंबरच्या डब्यातली ती जागा माझी होती. मास्तर आपण होऊन तिथे जाऊन बसले नव्हते, मी त्यांना बसवलं होतं. आमच्या इमारतीत, नदीकाठच्या बाकांवर आणि आता नाशिकलाही ही गोष्ट वेगळी सांगितली जाते. ती तशी सांगितली जाते याला कारण मी आहे, एवढं मला पक्कं माहीत आहे. बाकीचं बरंचसं माझं मलाच नीट लागत नाही. तरी जसं आठवतं तसं सांगतो.

मास्तर म्हणजे इथे जपानात, हिगाशी-कसाईत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. नाशिकच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत, सूनही नोकरी करणारी. त्यांचा चार वर्षांचा नातू आणि आमचा पाच वर्षांचा एकाच बालवाडीत जात. सकाळी दोन आजोबा दोन पोरांना सोडायला निघत, आणि परत येताना नदीच्या बांधावर बाकावर टेकत. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून ते मला ‘साहेब’ म्हणत. त्यात थोडी चेष्टा असायची.

इथलं सरकार परदेशी माणसाच्या आईवडिलांना सहसा कायम राहू देत नाही. मुलाची नोकरी वरच्या दर्जाची असेल आणि घरात सात वर्षांखालचं मूल असेल, तर ते सांभाळायला म्हणून राहू देतं. म्हणजे आमचं इथलं राहणं नातवाच्या वयावर टेकलेलं, आणि आम्ही त्याला नीट सांभाळू शकतो या विश्वासावर. हे कोणी बोलून दाखवत नसे, पण आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना ते आतून ठाऊक होतं.

माझ्याबद्दलचा तो विश्वास तेव्हा जरा हलू लागला होता. एकदा सुटीच्या दिवशी मी नातवाला घेऊन बालवाडीच्या बंद फाटकाशी उभा राहिलो. एकदा प्लास्टिकचा कचरा जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी खाली ठेवला आणि वर हुज्जत घातली. सून रागावली नाही. पण त्यानंतर काहीही सांगितलं की ती म्हणायची, “बाबा, आता मला परत सांगा बरं, मी काय म्हटलं?” परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं.

तळ्याची सहल मास्तरांच्याच डोक्यातून निघाली. फुजीच्या पायथ्याशी, डोंगरांच्या मध्ये कावागुचिको नावाचं तळं आहे आणि त्याच्या काठाला त्याच नावाचं गाव. गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. “लाव्हा आडवा आला आणि पाणी अडलं, असं तयार झालेलं तळं,” ते म्हणाले. “वर्षानुवर्षं फळ्यावर काढलंय, साहेब. एकदा बघू तरी द्या, खरं होतं की नुसतंच पोरांना फसवत होतो.”

आम्ही सहा जण ठरलो. मास्तर, मी, आमची ही, आणि इमारतीतल्या तिघी आज्या. मी आधी गुडघ्याचं कारण सांगून नाही म्हटलं आणि मग सगळे निघालेले बघून हो म्हटलं. तोवर पाच तिकिटं निघाली होती. माझं सहावं काढताना सुनेने बराच वेळ फोनवर खटपट केली आणि मग मला समोर बसवलं.

“बाबा, नीट ऐका हं. ती गाडी ओत्सुकी नावाच्या स्टेशनावर दोन भागांत सुटी होते. एक, दोन, तीन नंबरचे डबे तळ्याकडे जातात. चारपासून पुढचे डबे दुसरीकडे, कोफूला. तुमच्यासाठी तळ्याच्या डब्यांत जागाच उरली नाहीये. तुमचं तिकीट चार नंबरच्या डब्यात आहे, ओत्सुकीपर्यंत. ओत्सुकीला उठायचं आणि तीन नंबरमध्ये आईंकडे जायचं. तिथून पुढे उभं राहिलात तरी चालेल. सांगा बरं, काय करायचं?”

“ओत्सुकीला उठायचं.”

“आणि?”

“आणि तीन नंबर. अगं, मी धरणं बांधलीत.”

“हो, पण धरणं जागेवरून हलत नाहीत, बाबा,” ती म्हणाली. आम्ही दोघेही हसलो.

शिंजुकूला गाडीत चढलो तेव्हा सगळ्यांची धांदल उडाली होती. तिघी आज्या तीन नंबरच्या डब्यात आत सरकल्या. आमची ही शेवटच्या रांगेत खिडकीशी बसली, तिच्या शेजारची जागा मास्तरांची. मी मधल्या दारातून चार नंबरच्या डब्यात डोकावून आलो. माझी जागा खिडकीची, छान होती. आसपास एकही ओळखीचा चेहरा नाही. गाडी सुटली. तिथे एकट्याने बसून ओत्सुकी ओळखायचं, वेळेवर उठायचं, बरोबर दिशेला जायचं. नाही जमलं तर? हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोशेजारी बसायची हौस म्हणून मी जागा बदलून मागितली असं आमची हीसुद्धा समजते. मी ती भीतीने मागितली.

“मास्तर, एक काम कराल का? माझी जागा पलीकडच्या डब्यात आहे, खिडकीची. तुम्ही तिथे बसता? म्हणजे मी इथे हिच्याशेजारी...”

“काय वहिनी,” मास्तर वाकून हिला म्हणाले, “इतकी वर्षं झाली तरी साहेबांना करमत नाही वाटतं तुमच्याशिवाय?”

“त्यांना डबा उघडून द्यायला माणूस लागतं हो,” ही म्हणाली.

“खिडकी म्हणता? मग बसा इथे. नंतर परत मागाल तर मिळणार नाही.”

आपल्याकडे गाडीत जागा बदलून घ्यायचं कोणाला काही वाटत नाही. आईला मुलीशेजारी, नवऱ्याला बायकोशेजारी, निम्मा डबा सरकतो आणि सगळे खूश होतात. इथे जपानी माणूस स्वप्नातही असं करत नसेल. ज्याच्या तिकिटावर जो आकडा, त्या जागेवर तो. आणि गाडी मधोमध सुटी होणार असेल तर त्या आकड्यावर माणूस कुठे पोचणार हे ठरतं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. की आलं होतं?

खरा घोळ इथेच आहे. “ओत्सुकी आलं की इकडे या, मास्तर” हे वाक्य मला स्पष्ट आठवतं. माझ्याच आवाजात आठवतं. पण ते मी बोललो की बोलण्यासाठी मनात जुळवून ठेवलं, हे मला सांगता येत नाही. जाताना मास्तर म्हणाले, “माझी पिशवी राहू द्या वर.” त्यांच्या पिशवीत त्यांचा फोन होता. ओत्सुकीला परत यायचंय हे माहीत असल्याशिवाय माणूस फोन असलेली पिशवी मागे ठेवेल का? या एका प्रश्नावर मी कितीतरी दिवस काढले. मग वाटतं, त्या पिशवीत सगळ्यांसाठी आणलेल्या गूळपोळ्याही होत्या. त्या आमच्याजवळ असाव्यात एवढ्यासाठीच त्यांनी ती ठेवली असेल.

गाडीत पुऱ्या निघाल्या, बटाट्याची कोरडी भाजी निघाली. कोणाच्या सुनेने काय केलं ते निघालं. ओत्सुकीची घोषणा जपानीत झाली, इंग्रजीतही झाली असणार. मी ती ऐकली नाही. गाडी थांबली तेव्हा फलाटावर बरेच लोक मोबाइल, कॅमेरे घेऊन धावत आले. एक आजी म्हणाली, “अगं, गाडी तोडतायत, चला बघू.” आम्हीही दाराबाहेर फलाटावर उतरलो. पांढरे हातमोजे घातलेला माणूस बोट रोखून मोठ्याने काहीतरी म्हणत होता. दोन डब्यांमधलं दार मिटलं, एक हिसका बसला, आणि पुढचा लांबलचक भाग सावकाश आमच्यापासून दूर निघाला.

मी बघत होतो. काहीतरी राहिलंय असं मला वाटलं. मी खिसे चाचपले. पाकीट होतं, चष्मा डोळ्यांवर होता. शेजारचं एक जपानी पोर जाणाऱ्या डब्याला हात हलवत होतं, म्हणून मीही हलवला. तो चार नंबरचा डबा होता.

पुढे तळ्यापर्यंतची गाडी हळूहळू चढत गेली. मध्ये एकदा हिने विचारलं, “मास्तर अजून आले नाहीत?” मी म्हणालो, “डोळा लागला असेल.” मला वाटतं त्या क्षणी मला कळलं. पण कळलं आणि परत गेलं, तोंडावर आलेलं नाव मागे जातं तसं.

कावागुचिकोचं स्टेशन लाकडी छपराचं, जुन्या कॅलेंडरांवर स्वित्झर्लंडची घरं असायची तसं आहे. उतरलो, मोजले, पाच भरलो.

“काऊन हो, पळून गेले का मास्तर?” नागपूरच्या आजी म्हणाल्या. “कोणी जपानीण भेटली वाटते.”

सगळ्या हसल्या. ही हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“मघाशी पलीकडे गेले होते,” मी म्हणालो.

माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. त्यात खोटं काही नव्हतं. पण ‘मी पाठवलं’ असं मी म्हणालो नाही, आणि त्यानंतर जे जे घडलं ते या वाक्यावर उभं राहिलं. ‘पलीकडे गेले होते’चं ‘उठून पलीकडे गेले’ झालं. पिशवी वरच सापडली, तेव्हा ‘फोनही न घेता उठून गेले’ झालं. हिने मास्तरांच्या मुलाला फोन लावून दिला, आणि बोलताना आज्यांपैकी कोणीतरी त्याला तसंच सांगितलं. मी शेजारी उभा होतो.

मुलाने फोनाफोनी करून वडिलांचा पत्ता लावला. ओत्सुकीनंतर माझ्या जागेचं तिकीट कोणाचंच नसल्यामुळे तपासनीस आला होता आणि त्याने मास्तरांना कोफूला उतरवून स्टेशनच्या लोकांच्या हवाली केलं होतं. त्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. मुलाचा नंबर विचारला तर मास्तरांना सांगता येईना. मला माझ्या मुलाचा नंबर आजही पाठ नाही. इथे कोणालाच कोणाचा पाठ नसतो. पण मास्तरांच्या बाबतीत तेही पुढे मोजलं गेलं. मुलगा ऑफिस सोडून कोफूला गेला आणि त्यांना घेऊन आला.

आमची परतीची गाडी संध्याकाळची होती, म्हणून आम्ही काठावर बसून राहिलो. फुजी ढगात होता. हंसाच्या आकाराच्या होड्या पाण्यावर फिरत होत्या. मास्तर असते तर लाव्हा कुठून कुठे आला ते त्यांनी हातवारे करून दाखवलं असतं. हिने एकदाच, हळू आवाजात विचारलं, “अहो, तुम्ही त्यांना उतरायचं सांगितलं होतं ना?”

“हो,” मी म्हणालो.

त्या रात्री मास्तरांचा मुलगा आमच्याकडे पिशवी न्यायला आला. चेहरा उतरलेला. माझी सून त्याला धीर देत होती, आणि देता देता म्हणाली, “आमच्या बाबांची तर जागाच त्या डब्यात होती. मला केवढी धाकधूक. पण ते बरोबर ओत्सुकीला उठले आणि डबा बदलून आले. हो ना, बाबा?”

मुलगा माझ्याकडे बघत होता. सून कौतुकाने बघत होती. आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी मान डोलावली. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणाऱ्यांतली ही नाही, आणि त्या दिवशी ती तशी असती तर किती बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. आता तिलाही नावं ठेवतोय. ते बरोबर नाही.

नंतरचं मी लांबून, म्हणजे तीन मजल्यांवरून पाहिलं. मास्तरांना डॉक्टरकडे नेलं. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मध्ये दुभाषी. निकाल काय तो नीट कोणाला कळला नाही, पण ‘सुरुवात असू शकते’ असं काहीतरी डॉक्टर म्हणाले म्हणे. नातवाला सोडायला त्यांची सून जाऊ लागली. मास्तरांच्या सदऱ्याला आतून ते कुठे आहेत हे कळवणारी बटणासारखी एक वस्तू लावली गेली. बाकावर ते यायचे, पण वेळ ठरवून.

एका सकाळी ते म्हणाले, “साहेब, एक विचारू? मला वाटतं, तुम्ही मला जागा बदलून मागितली होती. पण मुलगा म्हणतो मी असाच उठून गेलो. सगळ्या बायकाही म्हणतात. तुमची सूनबाई म्हणते तुम्ही ओत्सुकीपर्यंत तुमच्याच जागेवर होता. मग मी कुठे बसलो होतो? मी किती वेळा मनात तो डबा काढून बघतो. दोन चित्रं येतात. खरं कुठलं?”

बालवाडीची घंटा, नातवाचा हात, इथली सकाळ, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझ्याही सदऱ्याला ते बटण लागलेलं मला दिसलं.

“आता काय ते उगाळायचं, मास्तर,” मी म्हणालो. “या वयात होतं असं.”

ते नुसते “हं” म्हणाले. वर्गात चुकलेलं उत्तर खोडून बरोबर लिहून घेणाऱ्या मुलासारखे ते मान खाली घालून बसले. ज्याच्यावर भरवसा ठेवून विचारलं त्या माणसाने सांगितलं, म्हणून त्यांनी आपलं खरं चित्र पुसलं आणि दुसरं ठेवून घेतलं. गाडीतला प्रकार घोटाळा होता असं मी म्हणू शकतो. बाकावर मी जे केलं, त्याला तसं म्हणता येत नाही.

काही महिन्यांनी मुलाने त्यांना नाशिकला आपल्या बहिणीकडे पोचवलं. नातू सांभाळण्यासाठी राहायची परवानगी, आणि नातू तर त्यांच्या हाती द्यायचा नाही, मग ठेवायचं कशासाठी, असा सरळ हिशेब होता. तळं त्यांनी पाहिलं नाही.

मी गेल्या महिन्यात बोललो. आधी सुनेला सांगितलं. तिने मला परत सांगायला लावलं नाही. एकदाच ऐकलं, उठली आणि खूप वेळ भांडी घासत राहिली. घरात भांडी धुवायचं मशीन आहे. दुसऱ्या दिवसापासून नातवाला तीच सोडते. मग वर जाऊन मास्तरांच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “काका, आत्ता सांगताय?” आणि दार लावून घेतलं. लिफ्टमध्ये भेटला की तो मजल्यांच्या आकड्यांकडे बघतो. पण नाशिकचा नंबर त्यानेच हिच्या फोनवर पाठवला.

व्हिडिओवर मास्तर बारीक झालेले दिसले. शेजारी मुलगी बसली होती. मी सगळं सांगितलं. जागा, भीती, हात हलवला ते, बाकावरचं बोलणं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग मुलीकडे वळून हसले.

“बघ, काय माणूस आहे. माझ्यासाठी स्वतःवर घेतोय.”

“नाही हो मास्तर, खरंच सांगतोय. मी मागितली जागा.”

“अहो, मला स्वच्छ आठवतंय ना. मीच उठलो. कोणाला न सांगता उठलो. दार ढकललं आणि गेलो. वहिनी म्हणाल्यासुद्धा, कुठे चाललात म्हणून.”

ही माझ्या शेजारीच होती. ती फोनकडे वाकली. “मास्तर, मी असं म्हटलं नव्हतं. तुम्ही मला म्हणाला होतात, इतकी वर्षं झाली तरी साहेबांना करमत नाही वाटतं. आणि मी म्हटलं, त्यांना डबा उघडून द्यायला माणूस लागतं. आठवतं?”

मास्तरांची नजर फोनवरून सरकून कुठेतरी वर गेली.

“असं म्हणालो होतो मी?”

“हो.”

“मग जागा बदलताना म्हणालो असेन.”

“तेव्हाच.”

“थांबा, थांबा,” ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला, आणि लगेच विरला. “नाही. जातंय ते. मुलगा म्हणतो, मी उठलो.”

आता ते दोन-चार दिवसांनी फोन करतात. मुलगी लावून देते. “साहेब, पुन्हा सांगा. शिंजुकूपासून.” मी सांगतो. कधी ते म्हणतात, बरोबर, खिडकीची जागा होती. कधी म्हणतात, मन राखू नका हो. मला तर प्रत्येक वेळी सांगताना एखादी गोष्ट सरकल्यासारखी वाटते. परवा मी म्हणालो की पिशवी मी वर ठेवली, आणि हिने टोकलं. ओत्सुकीला उतरायचं मी सांगितलं होतं का, हेही ते विचारतात, आणि त्यावर माझं उत्तर दर वेळी एकच असतं, की माहीत नाही.

काल त्यांनी विचारलं, “म्हणजे त्या दिवशी माझं डोकं ठीक होतं?”

“ठीक होतं,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की, मास्तर. एवढं नक्की.”

“मग परवा पुन्हा सांगा,” ते म्हणाले. “आज मुलगा फोन करणार आहे. त्याच्याशी बोललो की माझं पुन्हा ‘मीच उठलो’ असं होतं.”